भुतांचा तर्क आणि सावत्र बहिणीचा हिस्सा

दूरचित्रवाणीवरील भयमालिकांचा विषय निघाला, की मराठीच्या विद्यापीठीय वर्तुळात ठराविक दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली प्रबोधनवादी. तिच्या मते अशा मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात त्यांचा विचार साहित्यसमीक्षेने करण्याचे कारण नाही. दुसरी प्रतिक्रिया स्वतःला आधुनिकोत्तर समजते. लोकप्रिय संस्कृतीला अभिजनांचे निकष लावू नयेत, भूतकथेला तर्क विचारू नये, तिच्या 'रंजनमूल्या'चा आदर करावा, असे ती सांगते. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसतात. वास्तविक त्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. भुताच्या गोष्टीला तर्क नसतो, हे दोघींनाही मान्य आहे. एकीला त्याचा राग येतो, दुसरीला त्याचे कौतुक वाटते, एवढाच फरक.

हे गृहीतक चुकीचे आहे. त्याच्या आधाराने 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेविषयी गेली काही वर्षे जे सैल बोलले जाते, तेही तपासून पाहण्याची गरज आहे.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात अशक्य पण संभाव्य घटिताला शक्य पण असंभाव्य घटितापेक्षा वरचे स्थान दिले, हे पदव्युत्तर वर्गात पहिल्या सत्रातच शिकविले जाते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात अनौचित्यालाच रसभंगाचे कारण ठरविले, हेही शिकविले जाते. दोघांचाही रोख एकाच बाजूला आहे. घटना निसर्गनियमात बसते की नाही, हा कथानकाचा प्रश्न नव्हे. ती त्या कथेतील माणसांच्या परस्परसंबंधांत बसते की नाही, हा प्रश्न आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे सारे नीट उतरते. प्राध्यापक घरी जाऊन दूरचित्रवाणी संच लावतो तेव्हा मात्र त्याला त्याचे विस्मरण होते.

ज्यांना ग्रंथांतील दाखले रुक्ष वाटतात त्यांनी अकोला जिल्ह्यातील पातूरची रेणुकेची टेकडी चढावी. नवरात्रात तेथे जाणाऱ्या बायांना ॲरिस्टॉटल ठाऊक नसतो, पण ज्या देवीच्या दर्शनाला त्या जातात तिची कथा ठाऊक असते. आणि ती कथा भावंडांची आहे, हे आपल्या समीक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. रेणुका आणि परशुराम एवढी दोनच नावे आपण घेतो. महाभारताच्या वनपर्वात मात्र जमदग्नीला पाच मुलगे आहेत. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू या चौघांना पिता आईच्या वधाची आज्ञा करतो. ते ती पाळत नाहीत आणि शापाने पशुपक्ष्यांसारखे जड होतात. पाचवा, सर्वांत धाकटा, ती पाळतो. प्रसन्न झालेला पिता वर माग म्हणतो तेव्हा परशुराम आधी काय मागतो? आईचे पुन्हा उठणे, वधाचे विस्मरण, त्या पापाचा स्पर्श न होणे आणि भावांना त्यांची मूळ प्रकृती. युद्धातील अजेयता आणि दीर्घायुष्य त्यानंतर येतात.

या वरांच्या क्रमात कथानकाचा सगळा तर्क साठविलेला आहे. मेलेली बाई उठते, ही अशक्य गोष्ट. पण ती उठली तर तिला काय आठवेल, आणि ज्या भावांनी नकार दिला त्यांच्यासमोर आज्ञा पाळणारा भाऊ कोणत्या तोंडाने उभा राहील, हे प्रश्न कथेने टाळलेले नाहीत. अद्भुताने जे जे मोडले, त्याची नोंद नात्यांच्या खात्यावर घेतली गेली आहे आणि एकेक रक्कम चुकती केली आहे. तरीही बाकी उरतेच. विस्मरण मागितले आहे ते आईसाठी, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. भावांना परत मिळाली ती शुद्ध. शुद्धीवर आलेल्या चौघा भावांना काय काय आठवत असेल, याविषयी व्यास मौन पाळतात. ते मौन हेतुपूर्वक आहे. पुढची कथा पितृवधाच्या सूडाकडे वळते. पण ज्या आश्रमात एका भावाने आईवर परशू चालविला आणि चौघांनी चालविला नाही, तो आश्रम पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे श्रोत्याला कळते. टेकडी चढणाऱ्या बाईला तर ते निश्चित कळते. घर म्हणजे काय आणि घरातला एकजण वेगळा वागला म्हणजे काय होते, हे तिने पाहिलेले असते.

तात्पर्य, अतिमानुष घटितांच्या कथेत तर्क हा भुतापाशी नसतो, तो नात्यांपाशी असतो. भूत काय करू शकते याचे नियम लेखकाने हवे तसे करावेत. भावाने बहिणीचे काय केले, याचे नियम मात्र लेखकाच्या हातात नसतात. ते समाजाने आधीच केलेले असतात. मालिकांचे मूल्यमापन या कसोटीवर करायचे.

झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचा पहिला भाग संपला. सिंधुदुर्गातील आकेरी गावचा नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, आणि त्यानिमित्ताने एकत्र आलेली चार भावंडे: मुंबईहून आलेला थोरला माधव, गावी शेती सांभाळणारा दत्ता, माहेरी राहणारी विधवा बहीण छाया, धाकटा अभिराम. घरात माई. माधवची बायको नीलिमा विज्ञाननिष्ठ. दत्ताची बायको सरिता व्यवहारी आणि कडवट. आणि वाड्याबाहेर, पण वाड्याच्या रक्ताची, अण्णा व शेवंता यांची मुलगी सुषमा. मालिका सुरू होताच कोकणात तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, प्रबोधनवाद्यांनीही आवाज उठविला. मालवणी बोलीत चालणारी ही कथा वऱ्हाडात, जिथे मालवणीचा एक शब्दही कानावरून गेलेला नव्हता, तिथेही रात्री साडेदहाला बघितली गेली. याचे श्रेय भुताला देण्याची घाई होऊ नये. पातूर-बाळापूर पट्ट्यातल्या प्रेक्षकाला नारळीच्या झावळ्या अनोळखी होत्या. बाप मेल्यावर ओसरीत बसलेले, एकमेकांकडे न बघणारे भाऊ अनोळखी नव्हते.

विदर्भाच्या वाचकाला तर ही बैठक आधीपासूनच परिचित होती. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातही गावचा वाडा आहे, वडिलांचा मृत्यू आहे, मुंबईहून आलेला मुलगा आणि त्याची परक्या वळणाची बायको आहे, गावी अडकलेला थोरला आहे, कष्टत राहणारा धाकटा आहे आणि जिच्या शिक्षणाची आणि आयुष्याची कोणी फिकीर केली नाही अशी बहीण आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे आणि पेटीत दागिने आहेत. या नाटकात भूत नाही. तरी ते भुताने झपाटलेल्या घराचे नाटक आहे, कारण मेलेल्या पिढीची प्रतिष्ठा जिवंत भावंडांच्या अन्नातून, लग्नातून, कर्जातून आपला वाटा वसूल करीत राहते. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या भागाची संरचना जवळपास हीच आहे. फरक इतकाच, की तेथे मेलेला खरोखर वाटा मागायला येतो की काय, अशी शंका ठेवलेली आहे. ही शंका हीच त्या भागाची ताकद होती. तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुत साहित्याची जी व्याख्या केली, त्यातील मध्यवर्ती संज्ञा हीच: नैसर्गिक स्पष्टीकरण आणि अतिमानुष स्पष्टीकरण यांच्यातली वाचकाची दोलायमानता. पहिल्या भागात ती दोलायमानता नीलिमा आणि बाकीचे घर यांच्यात विभागलेली होती, आणि म्हणून ती नुसती कल्पनेची कसरत न राहता जावाजावांच्या, भावाभावांच्या वितंडाचे रूप घेत होती. झाडाखाली कोण उभे होते, हा प्रश्न विचारणारी सून मुंबईची आहे. तिच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर 'तुला इथले काय ठाऊक' असे असते. वाटणीच्या भांडणातही हेच उत्तर ऐकू येते.

इथपर्यंत मालिकेच्या बाजूने बोलता येते. पुढे येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग पूर्वकथा सांगतो. अण्णा जिवंत, शेवंता तरुण, मुले वाढती. पूर्वकथा हा आकृतिबंध कमी प्रतीचा नाही. शेवट ठाऊक असलेल्या कथेत शोकात्मिकेला सर्वांत मोठी संधी मिळते. थीब्जच्या राजघराण्याची कथा ग्रीक प्रेक्षक शेवट जाणूनच बघत असे. प्रश्न असा, की मागे जाऊन काय शोधायचे होते. पहिल्या भागाने ठेवलेला प्रश्न होता: ही चार भावंडे अशी का झाली, आणि पाचवीला त्यांनी दाराबाहेर का ठेवले. दुसऱ्या भागाने उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे: अण्णा किती वाईट होता आणि शेवंता किती मोहक. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता इतकी गाजली, की घरातल्या मुलांना भिंतीवरच्या तसबिरींचे स्थान आले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता उघडपणे भुते होऊन पडक्या वाड्यात वावरू लागले. ज्या पुरुषाच्या कृत्यांनी ही भावंडे वाकली, तोच आता प्रेक्षकाचा लाडका. त्याच्या खाकरण्यावर घराघरांत नकला झाल्या. मालिकेतला पांडू विसरण्यासाठी प्रसिद्ध होता. मालिका त्याच्या पुढे गेली.

येथे आक्षेप येईल, की मालिका हे सामूहिक आणि बाजारपेठेने बांधलेले निर्माण आहे. टीआरपीच्या आकड्यांनी पात्रे वाढतात आणि सुकतात, त्यावर एकाच लेखकाच्या संहितेचे निकष लावणे अन्यायाचे. हे अर्धसत्य आहे. बाजारपेठेने अण्णाला मोठे केले, हे मान्य. पण बाजारपेठेने नेमकी कोणाची किंमत देऊन त्याला मोठे केले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ती किंमत सुषमेने दिली.

घराण्याच्या भूतकथेत सावत्र भावंड ही खरी कसोटी असते. वडिलांचे पाप नेहमी काहीसे अमूर्त राहते. ते सांगावे लागते, स्वप्नात दाखवावे लागते, पडद्यावर धूर सोडावा लागतो. सावत्र भावंड मात्र दारात उभे असते, त्याला भूक लागते, त्याचे नाक वडिलांसारखे असते. इब्सेनने १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'घोस्ट्स' या नाटकात भुते नाहीत. घरातली मोलकरीण रेगीने ही आपल्या दिवंगत पित्याची मुलगी आहे, हे ओस्वाल्डला कळते, तो क्षण आहे. त्या क्षणापूर्वी कॅप्टन ॲल्विंगची कीर्ती अनाथालयाच्या रूपाने उभी आहे. त्या क्षणानंतर काहीच उभे राहत नाही. आणि रेगीने? ती गप्प बसत नाही. आपल्याला या घराची मुलगी म्हणून वाढविता आले असते, हे ती मिसेस ॲल्विंगना सुनावते आणि निघून जाते. नाटकाचा तर्क तिच्या जाण्याने पूर्ण होतो. भुतांनी न केलेला हिशेब तिने दोन वाक्यांत केला.

सुषमेला अशी दोन वाक्ये मिळाली नाहीत. तिला मिळाला संशय. वाड्यात काही आक्रीत घडले, की कॅमेरा तिच्याकडे वळतो. तिची हालचाल, तिचे रात्री-अपरात्री येणे, तिच्या डोळ्यांतला राग हे सारे भयाचे सामान म्हणून वापरले गेले. म्हणजे ज्या व्यक्तीचा या घरावर सर्वांत न्याय्य राग आहे, तिलाच कथानकाने भीतीचे उगमस्थान केले. हे कथानकाचे मोठे तर्कदोषस्थळ आहे. नैतिक दोष त्यामागून येतो. शेवंतेचे भूत जर काही मागत असेल तर ते काय मागेल? आपल्या मुलीचे नाव. ते भूत मोहक चालत राहते, अण्णाशी लाडीगोडी करते, आणि मुलीचे नाव मागत नाही, तेव्हा ते भूत राहत नाही, नटी राहते.

हा केवळ मराठी मालिकेचा दोष असता तर तो विषय टाळता आला असता. अमेरिकेतील 'सुपरनॅचरल' या मालिकेचे उदाहरण बोलके आहे. २००५ ते २०२० अशी पंधरा पर्वे आणि ३२७ भाग चाललेल्या या मालिकेचे नायक सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस सॅम मरतो आणि डीन चौरस्त्यावरच्या पिशाच्चाशी करार करून त्याला परत मिळवितो. मोबदला डीनचा आत्मा, मुदत एक वर्षाची. हा करार परशुरामाच्या वराइतकाच काटेकोर आहे. प्रत्येक अद्भुताची किंमत भावाच्या चलनात मोजली जाते, म्हणून प्रेक्षक हवालदिल होतो. वर्ष संपते आणि डीन नरकात जातो. मग तो परत येतो. मग दुसरा जातो, तोही परत येतो. मरण स्वस्त होत जाते आणि चलनफुगवटा झाला की चलनाचे होते तेच त्या करारांचे होते. पण सर्वांत लक्षणीय घटना वेगळीच. चौथ्या पर्वात या दोघांना ॲडम नावाचा सावत्र भाऊ असल्याचे उघड होते. २०१० मध्ये तो सॅमबरोबर नरकातल्या पिंजऱ्यात कोसळतो. सॅमला बाहेर काढले जाते. ॲडम तेथेच राहतो आणि मालिका त्याला जवळजवळ दहा वर्षे, २०१९ पर्यंत, विसरते. भावासाठी जगाची होळी करायला निघालेले दोन नायक तिसऱ्या भावासाठी पिंजऱ्याचे दारही वाजवीत नाहीत. त्या मालिकेच्या प्रेक्षकांत ही गोष्ट थट्टेचा विषय झाली, आणि थट्टा योग्यच होती. प्रेक्षकाला तर्क कळतो. तो भुताविषयी तक्रार करीत नाही, ॲडमविषयी करतो. ('चार्म्ड'मधल्या तीन जादूगार बहिणींपैकी एक २००१ मध्ये गेली, तेव्हा चौथी सावत्र बहीण तत्काळ सापडली. तेथे तिचा स्वीकार झाला, पण आकडा तीनचा राहावा म्हणून. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.)

इंग्रजी मालिकेचा दाखला पुरेसा झाला. नाईकांच्या वाड्यात आणखी एक बहीण आहे, जिच्याकडे प्रबोधनवादी आणि आधुनिकोत्तर या दोन्ही समीक्षांचे लक्ष गेलेले नाही: छाया. ती विधवा आहे, माहेरी राहते, तोंडाने फटकळ आहे, आणि घरातल्या तिच्या जागेविषयी घराला कायम शंका आहे. तिला कोणत्या भुताची गरज आहे? वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच केले. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिला सहदायकाचा दर्जा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तो जन्मतःच असतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. योगायोग असा, की 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग त्याच महिन्यात संपला. कायदा स्पष्ट आहे. आणि तरीही वऱ्हाडात कोणत्याही तालुक्याच्या गावी नोंदणी कार्यालयाबाहेर तासभर उभे राहिले, तर भावासोबत हक्कसोडपत्रावर सही करायला आलेली बहीण दिसल्याशिवाय राहत नाही. ती बळजबरीने आलेली नसते. माहेर तुटू नये म्हणून आलेली असते. भाऊ तिला चहा पाजतो. भाऊबीजेला ओवाळणी नक्की मिळणार असते.

या दृश्यात भयानक रस आहे, आणि आपल्या मालिकालेखकांना तो दिसलेला नाही. धुऱ्यावरून दोन भावांत कुऱ्हाड निघते ते बातमीत येते. बहिणीची सही बातमीत येत नाही. भूतकथा ही न आलेल्या बातमीची जागा आहे. मेलेला बाप रात्री ओसरीत येऊन बसतो आणि काही बोलत नाही, एवढे दाखविले आणि दुसऱ्या दिवशी छायेला तहसीलला नेले, तर कोणत्याही संगीताची गरज उरत नाही.

सुषमेचा प्रश्न त्याहून पुढचा आहे, आणि तो कायद्याच्या सीमेवर येतो. उत्तराधिकार कायदा विवाहबाह्य अपत्याचे नाते आईशी जोडतो, पित्याशी जोडीत नाही. विवाह झाला पण तो अवैध ठरला, तर मात्र त्यातील अपत्याला पित्याच्या मिळकतीत वाटा मिळू शकतो. म्हणजे शेवंतेचे अण्णांशी लग्न लागले होते की नव्हते, या एका गोष्टीवर सुषमेचे सारे आयुष्य अवलंबून आहे. त्याची साक्ष कोण देणार? जिवंतांपैकी ज्यांना ठाऊक असेल, त्यांचे हितसंबंध गप्प राहण्यात आहेत. साक्ष मेलेलेच देऊ शकतात. अतिमानुष घटिताची गरज असलेले, ते अपरिहार्य असलेले कथानक याहून नेमके कोणते असू शकेल? तलाठ्याच्या वारसनोंदीत जे नाव चढत नाही, ते चढविण्यासाठी भूत यावे. मालिकेला हे कथानक पहिल्याच भागात आयते मिळाले होते. तीन भाग आणि अनेकशे प्रसंग हाताशी असताना तिने मेलेल्यांना एकदाही साक्षीला बोलाविले नाही. त्यांना नाचविले, घाबरवायला लावले, विनोद करायला लावले.

'लोकप्रिय संस्कृती'च्या नावाखाली या सर्वाचे समर्थन करणाऱ्या अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोकपरंपरेला आपण ज्या ढिलाईचे श्रेय देतो, ती तिच्यात नाही. वऱ्हाडात विहिरीवर, तळ्याकाठी पूजल्या जाणाऱ्या साती आसरा या बहिणी आहेत. त्या एकत्र राहतात, एकत्र पूजा घेतात, सातांची सहा होत नाहीत. पूजा मांडताना सात खडे ठेवतात. ज्या बाईला शाळेचे दर्शन झाले नाही तीही एखादा खडा विसरत नाही, कारण एक बहीण वगळली तर काय होते, याविषयी तिच्या मनात कोणताही संभ्रम नसतो. या बाईला तर्काची गरज नाही, असे सांगणारी समीक्षा तिचा आदर करीत नाही. तिच्या नावावर आपला आळस खपविते.

प्रबोधनवाद्यांचीही येथे सुटका नाही. मालिकेतले भूत खोटे आहे, एवढे सिद्ध करून ते थांबतात. भूत खोटेच आहे. परंतु ते ज्या घरात आणले गेले त्या घरातली बहीण खोटी नाही, आणि तिच्यावर मालिकेने केलेला अन्याय अंधश्रद्धेच्या कलमाखाली येत नाही. विज्ञाननिष्ठ नीलिमेच्या तोंडी एकही प्रश्न असा आला नाही, की छायेचे नाव सातबाऱ्यावर आहे काय, आणि सुषमेच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात काय लिहिले आहे.